परसांतील फळझाडें आणि लाल कोळी

फाल्गुन सरून चैत्राचें ऊन तापूं लागलें, कीं देशावरील पुष्कळ घरांच्या परसांत एक गोष्ट हटकून दृष्टीस पडते. पपईचें जें झाड संक्रांतीपर्यंत हिरवेंगार आणि टवटवीत होतें, त्याचीं पानें फिकट पडूं लागतात. प्रथम जून पानांवर सुई टोंचल्यासारखे बारीक पांढुरके ठिपके उठतात. पुढें ते ठिपके एकमेकांस मिळतात. पान पिंवळें पडतें, मग त्यावर तांबूस करडी छटा येते, कडा वाळतात आणि अखेर तें गळून पडतें. घरांतील एक जण म्हणतो, पाणी कमी पडलें. दुसरा म्हणतो, खत कमी पडलें. तिसरा दुकानांत जाऊन कीटकनाशकाची एक बाटली आणतो आणि झाडावर फवारतो. पंधरा दिवसांनीं पाहावें, तों झाडाची स्थिति पूर्वींपेक्षांही वाईट! कीड मारण्याचें औषध घातलें असतां कीड वाढावी, हें दिसावयास विपरीत आहे खरें. परंतु या विशिष्ट किडीच्या बाबतींत तें पुष्कळदां घडतें, आणि त्याचीं कारणें आतां शास्त्रज्ञांना चांगलीं ठाऊक झालेलीं आहेत. तीं समजून घेतल्यास झाडही वांचतें आणि घरांतील मुलांच्या हातीं पडणारें फळही निर्विष राहतें.

या किडीस शेतकरी लाल कोळी म्हणतात. हें नांव मोठें अन्वर्थक आहे. माशी, भुंगा, मावा हे सारे कीटक. त्यांना पाय सहा. लाल कोळ्याच्या पूर्ण वाढलेल्या प्राण्यास पाय आठ असतात, पंख मुळींच नसतात, आणि त्याचें नातें कीटकांशीं नसून घराच्या कोपऱ्यांत जाळें विणणाऱ्या कोळ्याशीं व गुरांच्या अंगावरील गोचिडीशीं आहे. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. कीटकांसाठीं तयार केलेलीं अनेक विषें या प्राण्यावर फारशीं चालत नाहींत, याचें एक मूळ या भेदांत आहे. लाल कोळ्याच्या अनेक जाति आहेत. त्यांपैकीं दोन ठिपक्यांचा कोळी सर्वांत प्रसिद्ध. कॉख या जर्मन शास्त्रज्ञानें १८३६ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. अकराशेंहून अधिक जातींच्या वनस्पतींवर तो आढळला आहे. गुलाब, झेंडू, भेंडी, वांगें, घेवडा, पपई अशा कित्येक घरगुती वनस्पति त्याच्या आहारांत येतात. त्याची मादी लांबीला सुमारें अर्धा मिलिमीटर, म्हणजे कागदावर टांकानें दिलेल्या टिंबाएवढी.

एवढासा हा प्राणी, त्याचें तें काय नुकसान! असें वाटणें साहजिक आहे. पण त्याच्या मुखाशीं सुईसारखे बारीक अवयव असतात. ते पानाच्या पेशींत खुपसून तो आंतील रस हरितद्रव्यासह शोषून घेतो. रिकाम्या झालेल्या अशा पेशींचा पुंजका म्हणजेच वर सांगितलेला पांढुरका ठिपका. पान हें झाडाचें स्वयंपाकघर. त्यांतील चूल एकामागून एक विझत गेली, तर फळाला गोडी यावी कोठून? फळें आकारानें लहान राहतात, आणि पानें गळून उघडीं पडलेलीं पपईचीं फळें उन्हानें भाजून निघतात.

खरा धोका त्याच्या संख्येंत आहे. मादी पानाच्या पाठीवर बारीक गोल अंडीं घालते. अंड्यांतून सहा पायांचें पिलूं बाहेर येतें; पहिल्या वेळीं कात टाकतांनाच त्याला आठ पाय लाभतात आणि आणखी दोन काततींनंतर तें वयांत येतें. हवेचें उष्णतामान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असलें, तर हा सारा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकतो. एक मादी आयुष्यांत शंभराच्या घरांत अंडीं घालूं शकते. हिशेबापुरतें असें धरावें कीं, त्यांतील नव्वद मेलीं आणि दहाच जगलीं. तरी दर पिढीस दहापट याप्रमाणें एकाचे दहा, दहाचे शंभर आणि महिन्याभरांत शंभराचे हजार होतात. शिवाय नराशीं संबंध न येतांही मादी अंडीं घालते. त्यांतून केवळ नर निपजतात. म्हणजे एखादी मादी चुकून एकटीच नव्या झाडावर जाऊन पडली, तरी तिचा वंश तेथें सुरू होऊं शकतो. पंख नसले म्हणून तिचें अडत नाहीं. पान फार गजबजलें, कीं हे कोळी रेशमासारख्या तंतूच्या साह्यानें वाऱ्यावर स्वार होऊन शेजारच्या बागेंत उतरतात. माणसाच्या कपड्यांवरून आणि रोपवाटिकेंतून आणलेल्या कुंडींतूनही ते घरांत येतात.

पान पिंवळें पडण्याचीं कारणें अनेक असल्यामुळें उपाय करण्यापूर्वीं निदान पक्कें करणें जरूर आहे; नाहींतर साप समजून भुई धोपटण्याचा प्रकार व्हावयाचा. याची परीक्षा अगदीं सोपी आहे. संशयित पानाखालीं एक पांढरा कागद धरावा आणि पान दोन-तीन वेळां टिचकीनें झटकावें. कागदावर पडलेले धुळीचे कण क्षणभर निरखावेत. त्यांतील कांहीं कण सावकाश चालूं लागले, तर तो कोळी समजावा. दहापट मोठें दाखविणारें साधें भिंग हातीं असल्यास त्याचे आठ पायही दिसतात. पपईवरील कोळी मुख्यत्वें पानाच्या पाठीवर शिरांच्या आश्रयानें राहतो आणि बारीक जाळीं विणतो. म्हणून पान उलटून पाहिल्यावांचून तो सांपडत नाहीं. लिंबाच्या झाडावर मात्र जो कोळी सामान्यतः येतो, तो पानाच्या वरच्या अंगावर मधल्या शिरेच्या बाजूनें रस शोषूं लागतो, आणि पान धूळ बसल्यासारखें करडें दिसतें. आंब्यावरील लाल कोळीही पानाच्या वरच्या बाजूसच राहणें पसंत करितो. सारांश, पानाचीं दोन्ही अंगें तपासावींत. कोळी सांपडला नाहीं आणि पपईचीं कोंवळीं पानें वेडींवांकडीं, चितकबरीं होत असतील, तर तो बहुधा विषाणूचा रोग असतो. त्यावर कोळ्याचा कोणताही उपाय चालावयाचा नाहीं.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, हा प्राणी वर्षभर थोड्याबहुत प्रमाणांत झाडावर असतोच. मग तो उन्हाळ्यांतच एवढा कां माततो? याचीं कारणें चार. पहिलें, उष्ण व कोरडी हवा. तींत त्याची वाढ झपाट्यानें होते. दुसरें, पाऊस नसल्यामुळें पानें धुतलीं जात नाहींत. जोराचा पाऊस कोळी, अंडीं आणि जाळीं यांची एकदम धुलाई करितो. मुंबईसारख्या दमट शहरांतही गच्चीच्या छपराखालीं किंवा सज्जाच्या आडोशाला ठेवलेल्या कुंड्यांतील झाडांना हा त्रास होतो, त्याचें कारण हेंच. त्या झाडांना पावसाळा आला काय आणि गेला काय, सारखेंच. तिसरें कारण, पाण्याची ओढ बसलेलें झाड कोळ्याचा मारा सोसूं शकत नाहीं. चौथें कारण धूळ. रस्त्याच्या कडेच्या झाडांवर कोळी अधिक असतो, ही गोष्ट जगभरच्या बागाइतदारांच्या अनुभवाची आहे. कारण धुळीनें माखलेल्या पानावर कोळ्याच्या शत्रूंना वावरणें व शिकार करणें कठीण जातें.

हे शत्रु कोण, याची ओळख करून घेणें फार महत्त्वाचें आहे. कारण घरधन्याचे खरे मित्र तेच. त्यांत एक अगदीं लहान काळा ढालकिडा आहे. त्याची लांबी मिलिमीटर-दीड मिलिमीटर, आणि त्याचा व त्याच्या अळीचा आहार म्हणजे बहुतेक केवळ कोळी. हिरव्या जाळीदार पंखांच्या क्रायसोपा कीटकाची अळी मावा खाते तशीच कोळीही खाते. पण या सर्वांत नवलाचा प्राणी म्हणजे कोळ्यावरच जगणारा दुसरा कोळी. हा शिकारी कोळी आकारानें तेवढाच. परंतु त्याचें अंग नासपतीच्या आकाराचें व चकचकीत असतें, पाठीवर ठिपके नसतात, आणि तो भक्ष्याच्या शोधांत चपळाईनें धांवत असतो. कागदाच्या परीक्षेंत जो संथपणें चालतो तो चोर आणि जो लगबगीनें धांवतो तो शिपाई, असा ठोकताळा लक्षांत ठेवण्यास हरकत नाहीं. या शिपायांची एक प्रसिद्ध जाति १९५८ सालीं चिलीहून जर्मनींत आलेल्या ऑर्किडच्या रोपांवरून योगायोगानें तेथें पोंचली. पुढें तिची मुद्दाम पैदास होऊं लागली, आणि आज युरोपांतील कांचगृहांत टोमॅटो, काकडी व स्ट्रॉबेरी यांच्या रक्षणासाठीं ती विकत घेऊन सोडली जाते. भारतांतही तिच्या भाऊबंदांपैकीं अनेक जाति झाडांवर आपोआप नांदत असतात. त्यांना विकत आणावें लागत नाहीं, फक्त मारूं नये म्हणजे झालें.

परंतु नेमकें तेंच घडत आलें आहे, आणि याचा इतिहास उद्बोधक आहे. इंग्लंडमधील सफरचंदाच्या बागांत १९२० नंतरच्या काळांत हिंवाळ्यांत झाडांवर डांबरी तेलाचे फवारे मारण्याची पद्धति रूढ झाली. त्या तेलानें इतर किडी मेल्या. पण सालीच्या फटींत हिंवाळा काढणारे कोळ्याचे शत्रुही मेले, आणि पूर्वीं ज्याची कोणी फारशी दखल घेत नसे, तो लाल कोळी सफरचंदाचा मोठा वैरी होऊन बसला. पुढें डीडीटीचें युग आलें. या द्रव्याचा कीटकनाशक गुण शोधून काढणाऱ्या पॉल म्यूलर यांस १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दुसऱ्या महायुद्धानंतर सफरचंद पोखरणाऱ्या अळीवर डीडीटी फवारलें गेलें. अळी आटोक्यांत आली खरी, पण त्याच बागांत लाल कोळ्याचा उद्रेक झाला. कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत ॲनापोलिस खोऱ्यांतील बागांत ए. डी. पिकेट व त्यांचे सहकारी यांनीं या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला. कोणतें औषध कोणत्या मित्रकीटकास मारतें हें त्यांनीं पडताळून पाहिलें, आणि शक्य तेवढें सौम्य औषध, शक्य तेवढ्या कमी वेळां वापरावें, असा क्रम बागाइतदारांना घालून दिला. राशेल कार्सन यांनीं १९६२ सालच्या आपल्या विख्यात ग्रंथांत या कार्याचा गौरवानें उल्लेख केला आहे.

औषधांचीं नांवें बदललीं, तरी गोष्ट तीच राहिली. आज घरोघर वापरलीं जाणारीं पायरेथ्रॉइड वर्गांतील कीटकनाशकें फवारल्यावर लाल कोळी वाढतो, असा अनुभव वारंवार आला आहे. कारण त्यांनीं शिपाई मरतात आणि चोर पुष्कळसे वांचतात. वांचलेल्यांची संततिही तशीच कणखर निघते. पिढ्या इतक्या भराभर उलटत असल्यामुळें विष पचविण्याची शक्ति या प्राण्यांत फार लवकर येते. दोन ठिपक्यांच्या कोळ्याच्या निरनिराळ्या वसाहतींनीं नव्वदांहून अधिक रासायनिक द्रव्यांना दाद न दिल्याची नोंद झालेली आहे. खास कोळ्यासाठीं म्हणून जें डायकोफॉल भारतांत वर्षानुवर्षें वापरलें गेलें, तें डीडीटीपासूनच तयार होई. चिरकाल टिकणाऱ्या प्रदूषकांविषयींच्या स्टॉकहोम कराराच्या यादींत २०१९ सालीं त्याचा समावेश झाला. शत्रूला मारण्याच्या भरांत त्याच्या शत्रूंना मारूं नये, हा या साऱ्या इतिहासाचा एका वाक्यांतील निष्कर्ष होय.

मग घरच्या माणसानें करावें काय? सर्वांत पहिला आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे पाणी. सकाळच्या वेळीं नळीच्या तोंडाशीं बोट धरून किंवा फवारणीचें तोंड लावून पाण्याची जोरदार धार पानांच्या पाठीवर खालून वर अशी मारावी. पान फाटेल इतका जोर नसावा. पण जाळीं तुटून कोळी खालीं पडतील इतका तरी असावा. पानाच्या वरच्या बाजूची धूळही धुऊन काढावी. हा क्रम दर दोन-तीन दिवसांनीं, निदान दोन-तीन आठवडे चालवावा. एकदां धुऊन भागत नाहीं, कारण चिकटून राहिलेल्या अंड्यांतून नवी पिढी बाहेर पडतच असते. सकाळची वेळ एवढ्यासाठीं कीं, पानें रात्रींपूर्वीं कोरडीं व्हावींत. पाण्याची टंचाई असलेल्या घरीं लहान झाडाचीं पानें ओल्या फडक्यानें दोन्ही अंगांनीं पुसलीं, तरी काम भागतें. तें फडकें मात्र प्रत्येक झाडानंतर स्वच्छ धुवावें. इतका साधा उपाय, पण तो शिपायांना निवांतपणा देतो, धूळ नाहींशी करितो आणि चोरांची संख्या उतरवितो. एका दगडांत तीन पक्षी म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरी गोष्ट झाडाच्या प्रकृतीची. बुंध्याभोवतीं पालापाचोळ्याचें आच्छादन घालावें आणि ओल सारखी राहील असें बेतानें पाणी द्यावें. पपईच्या बुडाशीं पाणी तुंबूं देऊं नये, नाहींतर बुंधा कुजतो. झाड पिंवळें दिसतें म्हणून युरियाचा मारा करणें हें तर आगींत तेल ओतणें होय. नत्र अधिक मिळाल्यानें जीं लुसलुशीत पानें फुटतात, तीं कोळ्याला मेजवानीच वाटतात. फार लागण झालेलीं खालचीं पानें काढून पिशवींत बंद करून टाकावींत. परंतु एकाच वेळीं सारीं पानें खुडून फळें उघडीं पाडूं नयेत. जवळच्या गुलाबाच्या, झेंडूच्या व भेंडी-वांग्यांच्या झाडांचीही तपासणी करावी. पुष्कळदां मूळ बिऱ्हाड तेथें असतें आणि पपईवर आलेले ते पाहुणे असतात. नवी कुंडी आणली, कीं ती दोन आठवडे इतर झाडांपासून दूर ठेवावी.

एवढ्यानें भागलें नाहीं, तरच फवाऱ्याकडे वळावें आणि तेंही सौम्याकडून. वनस्पतींसाठीं मिळणारा पोटॅशचा साबण एक लिटर पाण्यांत सुमारें १० मिलिलिटर, किंवा कडूनिंबाचें तेल ५ मिलिलिटर व तें पाण्यांत मिसळावें म्हणून थोडासा साबण, असें मिश्रण वापरतात. कपडे धुण्याची भुकटी मात्र वापरूं नये. तिनें पानें करपतात. साबण आणि तेल हीं ज्या कोळ्याच्या अंगास लागतील त्यालाच मारतात. मागें विषाचा अंश फारसा ठेवीत नाहींत. म्हणून पानाची पाठ पूर्ण भिजणें आवश्यक आहे, आणि पांच ते सात दिवसांनीं फवारा पुन्हां देणेंही आवश्यक आहे. पाण्यांत विरघळणारें गंधक हें जुनें व परिणामकारक औषध आहे. प्रमाण लिटरला २ ते ३ ग्रॅम. परंतु हवा ३२ अंशांहून अधिक तापली असतां गंधकानें पानें भाजतात, आणि तेलाचा फवारा दिल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आंत गंधक मारल्यासही तोच अनर्थ होतो. ज्या ऋतूंत कोळी माततो त्याच ऋतूंत देशावर गंधक वापरणें बहुधा धोक्याचें असतें, हें विसरूं नये. शिवाय शिकारी कोळ्यालाही तें बाधतें. कोणतेंही मिश्रण प्रथम एका फांदीवर मारून दोन दिवस वाट पाहावी. तहानलेल्या झाडावर तें मारूं नये. आदल्या दिवशीं पाणी द्यावें आणि फवारा सायंकाळीं द्यावा.

कडक कोळीनाशकें बाजारांत आहेत. शेकडों झाडांच्या बागेंत जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं त्यांचा उपयोगही होतो. पण घरच्या चार झाडांची गोष्ट निराळी. शेतांतील फळ ठरलेल्या दिवशीं तोडलें जातें; घरचें फळ मात्र शाळेंतून आलेलें मूल वाटेल त्या दिवशीं तोडून न धुतांच तोंडांत घालतें. फवारणीनंतर किती दिवस फळ खाऊं नये, हें बाटलीवर लिहिलेलें असतें. पण मुलें आणि पाखरें कांहीं तें वाचीत नाहींत. भारतांत विकल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक बाटलीवर चौकोनांत एक रंगीत त्रिकोण असतो. तांबडा रंग अत्यंत विषारी द्रव्याचा, त्याखालोखाल पिंवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. तांबड्या-पिंवळ्या त्रिकोणाच्या बाटलीला घराच्या उंबरठ्याच्या आंत स्थान नसावें. आणि ज्या बाटलीच्या वेष्टणावर त्या फळझाडाचें व कोळ्याचें नांवच नाहीं, ती कितीही जालीम म्हणून वाखाणली गेली, तरी आणूं नये.

शेवटीं एक गोष्ट मनाशीं ठरविणें अवश्य आहे: झाडावर एकही कोळी राहतां कामा नये, हा हट्ट सोडावा. चोर समूळ नाहींसे झाले, तर शिपाईही उपाशीं मरतील. आणि वाऱ्यावरून पुन्हां चोर आले, कीं त्यांना अडविणारें कोणी उरणार नाहीं. आठवड्यांतून एकदां वेगवेगळ्या बाजूंचीं दहा पानें उलटून पाहावींत. ठिपके थोडे आहेत, धांवणारे शिकारी व काळे ढालकिडे दिसत आहेत आणि नवीं पानें स्वच्छ निघत आहेत, असें असेल तर पाण्याखेरीज दुसरें कांहीं करूं नये. नव्या पानांवरही ठिपके चढत असतील, शेंड्याकडे जाळीं दिसत असतील आणि शिकारी कोठेंच नसतील, तर साबणाचा किंवा निंबाच्या तेलाचा फवारा हातीं घ्यावा. जीं पानें एकदां पांढुरकीं झालीं, तीं कोणत्याही औषधानें पुन्हां हिरवीं होत नाहींत. म्हणून उपायाची परीक्षा जुन्या पानांवरून न करतां नव्या पालवीवरून करावी. मृगाची पहिली जोरदार सर येईपर्यंत झाडाची पालवी हिरवी राखली, कीं घरधन्याचें काम झालें. पुढची धुलाई पाऊस करितो.